‘बाव’चा ‘भाव’ होईपर्यंत

गेल्या वर्षभरात निदान पंधरा जणांनी मला विचारलं असेल, "रेडिओवर कसं लागायचं?" त्यातल्या दोघींना तर बाजार, धंदा, कर, बजेट यांवरच बोलायचं होतं. दर वेळी मी फोनवर अर्धा तास बोलते आणि निम्मं सांगायचं विसरते. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधीच सांगते, ही पक्की नोकरी नाही. मी नैमित्तिक उद्घोषक आहे, बोलीभाषेत ‘कॅज्युअल’. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या मिळतात, आणि त्याशिवाय उद्योग-बाजाराचं वार्तांकन, मुलाखती, जिल्हा वार्तापत्र असं जे वाट्याला येईल ते करते. त्यावर घर चालत नाही. दिवसा मी अजूनही सोलापुरात नवी पेठेत एका करसल्लागाराकडे बसते. हे ऐकून ज्यांचा चेहरा पडतो, त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही.

आणि ‘रेडिओ’ म्हणजे इथे आकाशवाणीच. खासगी एफएमवाल्यांना आपल्याकडे स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. दिल्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. त्यामुळे ज्याला गाण्यांच्या मधल्या गप्पा नकोत आणि कांद्याचा लिलाव सांगायचाय, त्याला एकच दार आहे.

आमचं घर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. पद्मशाली, म्हणजे विणकर कुटुंब, घरात तेलुगू. नायना, म्हणजे वडील, यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. विडी वळणाऱ्या बाईचे हात आणि डोळे सुपात गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. म्हणून आमच्या गल्लीत दारोदारी रेडिओ. सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या मी शाळेपासून ऐकत आले, वेणी घालून घेत घेत. एम.कॉम. झाल्यावर करसल्लागाराकडे चादर-टॉवेलवाल्यांची जीएसटी विवरणपत्रं भरायला लागले. बजेटच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण टेबलाशी येऊन विचारायचा, "ते टीव्हीवाले काय ओरडायलेत, आमच्यासाठी काय हाय ते सांग की." मी सांगायचे. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

पहिला अर्ज 2022 साली केला. लेखी परीक्षा पार पडली आणि आवाजाच्या चाचणीत आपटले. स्टुडिओत काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तिघं, त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. हातात दिलेल्या कागदावर बाजाराचीच बातमी होती. मनात म्हटलं, हे तर आपलं घरचं. जोरात वाचलं. काचेपलीकडून आवाज आला, "दुसरी ओळ परत वाचा." वाचली. "परत एकदा." तिसऱ्यांदा मी आणखी जोरात वाचली. चूक आवाजाच्या पट्टीत असावी, असं मला वाटत होतं.

निवड झाली नाही. बाहेर पडताना परीक्षकांपैकी एका बाईंनी जिन्यात थांबवून हळूच सांगितलं, "तुम्ही ‘कांद्याचे बाव गसरले, शेतकऱ्यांचा कर्चही निगाला नाही’ असं वाचलंत. आवाज चांगला आहे. महाप्राणांवर काम करा."

महाप्राण हा शब्द शाळेत ऐकला असेल, लक्षात नव्हता. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही अक्षरं म्हणताना सुटणारा जादा श्वास म्हणजे महाप्राण. तेलुगू लिपीत ही सगळी अक्षरं आहेत, पण आमच्या घरातल्या बोलण्यात तो श्वास गळून जातो. सोलापुरात निम्मं शहर असंच बोलतं आणि कुणाचं काही अडत नाही. पण त्या रात्री वहीत मी अर्थकारणाचे शब्द लिहून काढले आणि हसूच आलं. भाव, खर्च, घट, वाढ, धंदा, भांडवल, थकबाकी, धोरण, निधी, अर्थ. एकही शब्द महाप्राणावाचून नाही! मी नेमका तोच विषय निवडला होता जो माझ्या जिभेला जमत नव्हता.

पुढची दोन वर्षं यात गेली. गल्लीपलीकडे मराठीच्या एक निवृत्त बाई राहतात, त्यांच्याकडे रोज संध्याकाळी पाऊण तास. फी विचारली तर म्हणाल्या, "एक चांगली चादर आण." त्यांनी तोंडासमोर वहीचा पातळ कागद धरायला शिकवलं. ‘क’ म्हटलं की कागद गप्प, ‘ख’ म्हटलं की हलला पाहिजे. ‘भ’चं काम कागदावर भागत नाही, तिथे छातीवर हात ठेवून श्वास ओळखायचा. मी स्वयंपाक करताना "भाकरीचा भाव, भाताचा भाव" घोकायचे आणि आमचे अहो हॉलमधून ओरडायचे, "अगं, कितीला देतेस?" मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं तर चूक कळत नाही, कारण काय म्हणायचं होतं ते कानाला आठवत असतं. रात्र मध्ये जाऊ द्यावी.

याच काळात वर्षभराची पत्रकारितेची पदविकाही केली. उद्घोषकासाठी ती लागतेच असं नाही. पण पुढे जिल्ह्याचा अर्धवेळ वार्ताहर व्हायचं मनात असेल तर पत्रकारितेचं शिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत राहावं लागतं. तेव्हा वेळ असेल तर करून टाका.

दुसरी जाहिरात फेब्रुवारी 2024 मध्ये दिसली. या जाहिराती वर्षाच्या ठरावीक महिन्यात येत नाहीत, कधीकधी दोन-दोन वर्षं येतच नाहीत. संकेतस्थळ पाहत राहावं आणि केंद्राच्या सूचनाफलकावरही नजर ठेवावी. परीक्षा-शुल्क जीएसटीसह 354 रुपये भरले. अर्जासोबत गुणपत्रिका, जन्मतारखेचा दाखला, रहिवासाचा पुरावा, दोन फोटो. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स एकाच दिवशी काढून ठेवल्या, तो माझा एकमेव शहाणपणा.

लेखी परीक्षा मे महिन्यात, निवडणुकीचं मतदान उरकल्यावर. सोलापूरचा मे काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. सामान्यज्ञान, मराठी साहित्य, संगीत, शुद्धलेखन, थोडं भाषांतर आणि एखाद्या कार्यक्रमाची प्रस्तावना लिहा असा एक प्रश्न. त्या प्रश्नाला बहुतेक जण "नमस्कार श्रोतेहो" ने सुरुवात करून पानभर अलंकार लिहितात. मी सहा ओळी लिहिल्या.

जुलैत आवाजाची चाचणी. बातमी, परदेशी नावांची यादी, एक कविता, हिंदी-इंग्रजीतली उद्घोषणा, आणि शेवटी "गाणं सुरू व्हायला चाळीस सेकंद आहेत, बोला." काय बोलणार? बाहेर पाऊस पडत होता, मी पावसाने सुताचा दमटपणा कसा वाढतो आणि मागावर तार कशी तुटते ते सांगितलं. सदतीस सेकंदांत संपवलं आणि तीन सेकंद गप्प बसले. ते तीन सेकंद मला अजून आठवतात. चाचणीला जाताना सकाळपासून दही-ताक घेऊ नका, घसा चिकटतो. कोमट पाणी न्या. आणि आवाज करणाऱ्या बांगड्या काढून ठेवा. माझ्या पुढच्या मुलीला मध्येच थांबवून काढायला लावल्या, तिची लय गेली ती गेलीच.

सप्टेंबरमध्ये यादीत नाव आलं. पेढे वाटून झाले आणि मग कागदपत्रांनी पाणी पाजलं.

चूक सगळी माझीच होती. पदवी माहेरच्या आडनावाने, आधार सासरच्या, पॅन माहेरच्या, बँकेत दोन्ही आडनावं एकामागून एक. मानधन थेट खात्यात येतं, त्यामुळे पॅन आणि बँक जुळल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. लोकांची विवरणपत्रं भरणाऱ्या बाईचं स्वतःचं पॅन सात वर्षं चुकीच्या नावावर, हे ऑफिसात कळलं तेव्हा आमचे साहेब दिवसभर हसत होते. राजपत्रात नावबदलाची नोंद केली, मग पॅनची दुरुस्ती 107 रुपयांत, मग बँक, मग रद्द केलेला नवा धनादेश. यात साडेपाच आठवडे गेले. हमीपत्रासाठी स्टँप आणायला गेले तर शंभराचा मिळेना. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात बऱ्याच कामांना शंभराऐवजी पाचशेचा स्टँप झाला होता आणि ही बातमी मीच पंधरा दिवसांपूर्वी अशिलांना सांगितली होती. लग्न झालेल्या मुलींनी अर्ज करायच्या आधीच नावाचा हा घोळ निस्तरावा. निकाल लागेपर्यंत थांबू नये.

डिसेंबरात ‘वाणी’ हे उद्घोषकांसाठीचं प्रशिक्षण झालं, त्याची फी वेगळी. माइकपासून किती अंतर, कागदाचा आवाज कसा टाळायचा, आवाज कमी-जास्त करणारा फेडर हळू कसा उचलायचा, नोंदवही कशी लिहायची. कागद पिनने जोडायचे नाहीत, पान उलटायचं नाही, सरकवायचं. ही शेवटची गोष्ट इतकी साधी आहे की कुणी सांगत नाही.

जानेवारी 2025 मध्ये पहिली ड्यूटी. गड्ड्याची जत्रा भरली होती, सगळं शहर होम मैदानावर, आणि मी तिसऱ्या सभेत, म्हणजे संध्याकाळ-रात्रीच्या प्रसारणात, वेळ सांगत होते. "रात्रीचे आठ वाजले आहेत." बस, एवढंच. घरी आले तर अम्मा म्हणाली, "आठ नीट म्हणालीस." ठ हाही महाप्राण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्थकारण मिळालं ते 1 फेब्रुवारीला. शनिवारी बजेट होतं आणि बाजारातल्या प्रतिक्रिया आणायला माणूस हवा होता. "तू टॅक्सवाली ना, जा." मी 900 रुपयांचा कॉलरचा माइक घेऊन चाटी गल्लीत गेले. बारा लाखांपर्यंत आयकर नाही, ही एकच गोष्ट सगळ्यांच्या तोंडी. मला माहीत होतं की हे नव्या करप्रणालीत आहे, सूट रिबेटच्या रूपात आहे, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत फायदा आहे, शेअर विकून झालेल्या नफ्याला ती सूट नाही, आणि बाराच्या वर थोडंसंच उत्पन्न असेल त्यालाही दिलासा आहे. हे सगळं मी लिहून नेलं. दोन पानं. संपादकांनी घड्याळ दाखवलं. पन्नास सेकंद.

मिनिटाला मी शंभर-एकशेदहा शब्द बोलते. म्हणजे पन्नास सेकंदांत ऐंशी-नव्वद शब्द. वर्तमानपत्र वाचणारा मागची ओळ परत वाचतो, रेडिओ ऐकणाऱ्या बाईच्या कानावरून ओळ गेली की गेली. शेवटी लिहिलं: "वर्षाला बारा लाखांपर्यंत मिळवत असाल आणि नवी करपद्धत घेतली असेल, तर आयकर शून्य. महिन्याचा हिशेब केला तर एक लाख. मात्र शेअर विकून झालेला नफा यात धरू नका." बाकी पुढच्या आठवड्याच्या मुलाखतीत गेलं. महिन्याला एक लाख म्हटल्यावर लोकांना कळलं. गल्लीतल्या बायकांना त्याहून जास्त कळलं. त्यातल्या एकीने विचारलं, "मग आमचं काय त्यात?" याचं उत्तर माझ्याकडे पन्नास सेकंदांतही नव्हतं आणि पन्नास मिनिटांतही.

सहा दिवसांनी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, कमी केला, 6.50 वरून 6.25. जवळपास पाच वर्षांनी. इंग्रजी बातमीत ‘पंचवीस बेसिस पॉइंट’ होतं. मी आधी ‘सहा दशांश पाच शून्य’ लिहिलं आणि मोठ्याने वाचताना मलाच कंटाळा आला. मग आठवलं, आपल्याकडे यासाठी आयते शब्द आहेत की! "साडेसहावरून सव्वासहा, म्हणजे पाव टक्क्याने कमी." ज्याने आयुष्यभर पावशेर आणि सव्वा मीटर मोजलंय त्याला आणखी काय समजावायचं? रेडिओच्या कागदावर मी आता आकडे अक्षरांतच लिहिते. वाचताना जीभ अडत नाही.

बाजार समितीतून बातमी करायची असेल तर सकाळी लवकर हैदराबाद रोडला पोचा आणि लिलाव संपेपर्यंत अडत्याला काही विचारू नका. दराचे तीन आकडे मिळतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. सगळ्यांना कमाल सांगायची हौस. पण तो भाव एखाद्या लॉटला मिळालेला असतो. बहुतेकांचा माल ज्या भावाने गेला तो सर्वसाधारण, मी आधी तो सांगते. आणि भाव म्हणजे हातातले पैसे नव्हेत. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापुरात 512 किलो कांदा विकून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता 2 रुपयांचा धनादेश मिळाला होता. ती बातमी देशभर गेली, कारण ती ऐकताच कळत होती. त्यानंतर मी कुठल्याही शेतकऱ्याला "काय भाव मिळाला?" एवढ्यावर सोडत नाही, "पट्टी किती आली?", म्हणजे सगळं वजा जाता हातात काय पडलं, असं विचारते.

1 एप्रिल 2025 ला कांद्यावरचं 20 टक्के निर्यातशुल्क गेलं तेव्हाही तिथेच होते. एक म्हातारे अडते म्हणाले, "आज माइक धरून काय उपयोग, पंधरा दिवसांनी ये." मी निर्णयाची बातमी त्या दिवशी केली आणि परिणामाची पंधरा दिवसांनी. तेव्हापासून तीच पद्धत.

सगळ्यात अवघड गेला ऑगस्ट. अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि 27 तारखेपासून एकूण 50 टक्के जादा आयातशुल्क लावलं. सोलापूरचा टेरी टॉवेल तिकडे जातो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार दिवस फिरले. मालक चहा द्यायचे, सगळं सांगायचे आणि माइक काढला की, "ताई, नाव नको, आवाज नको." वर्तमानपत्रवाला ‘एका कारखानदाराने सांगितले’ असं लिहून मोकळा होतो. रेडिओला आवाजच लागतो. शेवटी एका कारखान्यात परवानगी घेऊन नुसत्या मागांचा आवाज घेतला. बारापैकी पाच माग चालू होते. साध्या मागावर धोट्याची खटखट वेगळी, नव्या बिनधोट्याच्या रॅपियर मागाची घरघर वेगळी, आणि बंद मागाशेजारी उभं राहिलं की लांबचा पंखाही ऐकू येतो. तो पंखा मी बातमीत ठेवला. त्यावर दोनच वाक्यं बोलले: शंभर रुपयांच्या टॉवेलवर तिथल्या बंदरात आता पन्नास रुपये जादा शुल्क बसेल, ते भरायचे तिथल्या खरेदीदाराने, म्हणून तो एकतर इथल्याला किंमत पाडायला सांगतोय किंवा ऑर्डर थांबवतोय. ती मला आतापर्यंतची माझी सगळ्यात बरी बातमी वाटते. नायनांनी ऐकून फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या कारखान्यातला पंखा?"

आणि आता फजितीची गोष्ट. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी परिषदेने नवे दर जाहीर केले, 22 तारखेपासून लागू. मी रात्री यादी उघडली. विडीवर 28 वरून 18, तेंदूपत्त्यावर 18 वरून 5. अम्मा शेजारी बसली होती. न राहवून तिला सांगितलं, "अम्मा, बावीस तारखेपासून विडीचा कर कमी." तिने सकाळी सगळ्या गल्लीला सांगितलं. मी कागद घेऊन केंद्रावर गेले. संपादकांनी वाचला आणि एकच शब्द विचारला, "कधीपासून?"

परत मूळ पत्रक काढलं. पान मसाला, गुटखा, सिगारेट, तंबाखू आणि विडी यांना 22 सप्टेंबरची तारीख लागू नव्हती. त्यांचे नवे दर पुढे ढकलले होते. पत्रकात ते स्पष्ट लिहिलेलं होतं, तक्ता पाहून मीच थांबले होते. बातमी चुकायची वाचली, गल्ली वाचली नाही. दोन दिवस बायका दारात गाठून विचारायच्या, "काय बे, कमी झालं म्हणालीस की!" चादरीचंही तसंच. सगळीकडे ‘कपडे स्वस्त’ चाललं होतं, पण पाच टक्क्यांची मर्यादा नगामागे हजारावरून अडीच हजारांवर गेली होती. आपली रोजची सोलापुरी चादर आधीपासून हजाराच्या आत, म्हणजे तिच्यावर पाच टक्के होते आणि पाचच राहिले. तक्त्याखालची बारीक अक्षरं मी आता आधी वाचते, तक्ता नंतर.

विडीचा तो दर शेवटी लागू झाला 1 फेब्रुवारी 2026 ला. रविवार होता आणि त्याच दिवशी बजेटही. दिवसभर सगळे बजेटमागे. मी संध्याकाळच्या कागदात एक ओळ घालून घेतली: "विडीवरचा जीएसटी आजपासून अठ्ठावीसवरून अठरा टक्के." घड्याळ लावून पाहिली, सात सेकंद.

रात्री घरी पोचले तेव्हा अम्मा सूप आवरत होती. रेडिओ ऐकला होता तिने. म्हणाली, "या खेपेला बरोबर सांगितलंस." मग कातरी डब्यात टाकत विचारलं, "आणि हजार विड्यांमागची मजुरी?"

तीच, म्हटलं.

"मग ते पण सांगायचं की रेडिओवर."

मी वही काढली. पुढच्या वार्तापत्राची तारीख 14 होती.